बाळाची भूक, आईचा जबाब

तुमचं बाळ हावरट आहे का हो?

रागावू नका. प्रश्न माझा नाही. मला बाळ नाही, इतक्यात व्हायचंही नाही, आणि 'मग कधी?' असं विचारायला आमच्या घरात पुरेशी माणसं आहेत. हा प्रश्न माझ्या इनबॉक्समध्ये येऊन पडला तो थेट तुर्कस्तानातल्या इझमीरहून.

फ्रीलान्सरचं आयुष्य कसं असतं, तुम्हाला ठाऊक असेलच. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपण फक्त मनासारखं लिहितो. शेवटच्या आठवड्यात घरमालकाचा फोन येतो आणि मग कॅफेच्या मेन्यूकार्डापासून बिल्डरच्या ब्रोशरपर्यंत काहीही चालतं. त्यातलंच एक काम म्हणजे परदेशी संशोधकांच्या लेखांचं इंग्रजी ठाकठीक करून देणं. इझमीरच्या या बाई नर्सिंग शिकवतात. तान्ह्या बाळांच्या दूध पिण्याच्या सवयींबद्दलची एक इंग्रजी प्रश्नावली तुर्की बोलणाऱ्या आयांसाठी आणायचं काम त्यांनी हातात घेतलं होतं. मी फक्त त्यांच्या लेखातले स्वल्पविराम बघायचे होते. पण दुसऱ्याच पानावर मी अडकले ते अडकलेच. ईमेलवरून व्हिडिओ कॉलवर आलो. त्या हातात तो बारीक कंबरेचा काचेचा चहाचा ग्लास घेऊन बसायच्या, मी माझा वाफाळता मग घेऊन. तिकडे शिकवणाऱ्या माणसाला 'होजाम' म्हणतात, म्हणून मीही त्यांना होजाम म्हणू लागले. त्या मला 'जानिम' म्हणतात. म्हणजे आपलं 'जान', तेच ते.

पहिला धक्का 'मामा'ने दिला. "बाळाला मामा देता का, हे वेगळं विचारावं लागतं," असं त्या गंभीरपणे म्हणाल्या आणि मला माझा नाशिकचा मामा आठवला. तुर्कीत 'मामा' म्हणजे बाळाचं खाणं, विशेषतः डब्यातली पावडर. असो.

तर ही प्रश्नावली. तिचं इंग्रजी नाव 'बेबी ईटिंग बिहेवियर क्वेश्चनेअर'. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या क्लेअर लेवेलिन, जेन वॉर्डल आणि सहकाऱ्यांनी ती २०११ मध्ये प्रसिद्ध केली. वॉर्डल यांनी त्याआधी २००१ मध्ये थोड्या मोठ्या मुलांसाठी अशीच एक प्रश्नावली केली होती. पण त्यात जेवण, ताट, खाऊ असलं सगळं होतं. तीन महिन्यांच्या बाळाला कसलं ताट? म्हणून फक्त दुधावर असलेल्या बाळांसाठी ही वेगळी प्रश्नावली. १८ विधानं. 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत पाच उत्तरं, त्यातल्या एकावर खूण करायची. बाळाला दूध पिण्यात मजा येते का, दूध मिळालं की कितीही घेतं का, हळूहळू पितं का, आणि पोट पटकन भरतं का, असे चार गट. शिवाय एकूण भूक कशी, यावर एकच सुटं विधान.

ही विधानं तपासली गेली ती 'जेमिनाय' नावाच्या अभ्यासात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००७ च्या मार्च ते डिसेंबर या काळात जन्मलेली जुळी मुलं, एकूण २,४०२ कुटुंबं. जुळी कशाला, ते पुढे सांगते. ती मोठी गंमत आहे.

आता तुम्ही म्हणाल, १८ वाक्यं तर आहेत, दुपारभरात भाषांतर होईल. मलाही तसंच वाटलं होतं. पण इंग्रजीतलं 'फीड' हे एक भलतंच लबाड क्रियापद आहे. आई बाळाला 'फीड' करते आणि बाळसुद्धा 'फीड' करतं. एकच शब्द दोघांना चालतो. अंगावरचं दूध असो की बाटलीतलं, तोही भेद नाही. तुर्कीत ही चैन नाही. तिथे बाळ करतं ते 'एम्मेक', म्हणजे चोखणं. आई करते ते 'एमझिर्मेक', म्हणजे चोखायला लावणं. आपल्याकडचं पिणं आणि पाजणं, अगदी तीच जोडी! मूळ क्रियापदात एक तुकडा घातला की करणारा बदलतो.

आता हे वाक्य घ्या. बाळाला एका वेळचं दूध संपवायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. इंग्रजीत सरळ. पण तुर्की भाषांतरात कुणी 'एमझिर्मेक' वापरलं, तर वाक्य होतं, 'मला पाजायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो.' व्याकरण चोख. अर्थही जवळजवळ तोच. फक्त आळशी कोण, ते बदललं! पहिल्या वाक्यात बाळ सावकाश पितं, दुसऱ्यात आईचं काहीतरी चुकतंय. ओली बाळंतीण, तीन रात्री न झोपलेली, समोर हा कागद. ती कुठल्या चौकटीत खूण करणार?

'होजाम, कुणी इतका विचार करतं का?' मी विचारलं. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, आया करतात.

मग काय करायचं? 'बेस्लेन्मेक' नावाचा एक सोज्वळ शब्द आहे, 'पोषण होणं' या अर्थाचा. बाटलीला चालतो, अंगावरच्या दुधालाही चालतो. पण तो सरकारी पत्रकातला शब्द. तुमच्या शेजारच्या वहिनींना 'बाळाचं पोषण कसं होतंय?' असं विचारून बघा. त्या आधी तुमच्याकडे संशयाने बघतील. म्हणून वाक्य बाळाच्याच अंगाने ठेवायचं, 'माझं बाळ' असं सुरू करायचं, आणि बाटलीचा उल्लेख लागेल तिथे वेगळा करायचा, असं ठरत गेलं. एका बाबतीत मात्र तुर्कीने सगळ्यांवर मात केली. इंग्रजीत प्रत्येक ठिकाणी 'ही' आणि 'शी' यांच्यामध्ये तिरकी रेघ मारावी लागते. तुर्कीत तो, ती, ते सगळ्यांना एकच, 'ओ'. आपल्याकडे बाळ आधीच नपुंसकलिंगी, त्यामुळे आपलीही सुटका.

आता त्या हावरटाकडे येते. मूळ विधानाचा आशय असा, की मोकळीक दिली तर बाळ गरजेपेक्षा जास्त दूध पिईल. तुर्कीत खादाडपणासाठी सगळ्यात सोपा शब्द आहे 'आचग्योझ्लू', शब्दशः भुकेल्या डोळ्यांचा. उलट जो समाधानी, हाव नसलेला, तो 'तोकग्योझ्लू', भरल्या डोळ्यांचा. काय सुंदर शब्द आहेत! आणि याच कारणासाठी प्रश्नावलीत निरुपयोगी. कारण हे स्वभावावरचे शेरे आहेत. कुठली आई तीन महिन्यांच्या लेकराला भुकेल्या डोळ्यांचं म्हणेल? त्यातून तिकडे नजर लागण्याची भीती आपल्याइतकीच, कदाचित जास्तच. तो निळा काचेचा डोळा तुम्ही इथल्या दुकानांतही पाहिला असेल. बाळ छान पितं असं सांगताना लगेच 'माशाल्ला' जोडलं जातं, आपण 'दृष्ट नको लागायला' म्हणतो तसं. खूप भूक आहे हे सांगायलाही धजत नाही आणि भूक कमी आहे म्हणावं तर स्वतःवर येतं. मग खूण कुठे पडते? मधोमध, 'कधीकधी'वर. आणि मधल्या चौकटीत पडलेल्या शंभर खुणांवरून कुणाला काय कळणार?

'अस्वस्थ' या शब्दाचंही असंच. दूध पिताना बाळ बेचैन होतं का? तुर्कीत 'हुझुरसूझ'. 'हुझुर' म्हणजे शांतता, समाधान. हा आपल्या हुजूरपागेतलाच हुजूर, एकाच अरबी शब्दाची ही दोन लेकरं. तिकडे तो शांत झाला, इकडे दरबारात जाऊन बसला. कामाशी याचा काही संबंध नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवेना.

हे सगळं चालू असतानाच ताई माहेरी आली होती. दुसरं बाळंतपण, सातवा आठवडा. पहिला मुलगा दूध ओढून दहा मिनिटांत गाढ झोपणारा. ही मुलगी मात्र निवांत. दोन घोट, मग डोळे मिटायचे, मग पुन्हा आठवल्यासारखं दोन घोट. पाऊण तास सहज. डॉक्टरांनी वजन बघितलं होतं, वाढ व्यवस्थित होती, लंगोट ओले होत होते. तरी घरात येणारी प्रत्येक बाई पाळण्यात डोकावून एकच वाक्य म्हणायची, "दूध पुरत नसेल गं तिला." आईने अळिवाची खीर दुप्पट केली. ताईच्या सासरकडच्या एक काकू तर पावडरचा डबाच घेऊन आल्या. एका रात्री अडीच वाजता ताईचा फोन आला. शेजारच्या खोलीतून! मोठ्याने बोललं तर बाळ उठेल म्हणून. "अगं, माझ्यातच काहीतरी कमी आहे का गं?" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

तेव्हा मी लॅपटॉपवर काय वाचत होते सांगू? जुळ्यांची ती गंमत. एकसारखी जुळी म्हणजे जनुकं अगदी सारखी. वेगळी दिसणारी जुळी म्हणजे साध्या भावंडांइतकीच सारखी. दोन्हींना घर तेच, आई तीच, दूध पाजण्याची पद्धत तीच. मग एकसारख्या जुळ्यांची भूक एकमेकांशी जास्त जुळत असेल, तर त्या जास्तीच्या जुळण्यामागे जनुकं आहेत. जेमिनाय अभ्यासातून २०१० मध्ये आलेले आकडे असे. बाळाबाळांमध्ये दूध पिण्याच्या वेगात जो फरक दिसतो, त्यातला ८४ टक्के अनुवंशिकतेशी जोडता आला. पोट पटकन भरण्यात ७२ टक्के, दूध दिसताच हवंसं होण्यात ५९ आणि पिण्यातल्या आनंदात ५३ टक्के. याचा अर्थ तुमच्या बाळाचा संथपणा ८४ टक्के तुमच्याकडून आला, असा मुळीच नाही. हे आकडे एका बाळाचे नसतात, बाळांच्या गर्दीतल्या फरकाचे असतात. पण आईच्या 'कमतरते'वर सगळं खापर फोडणाऱ्यांची बोलती बंद करायला एवढं पुरे होतं.

मी ताईला ते टक्के सांगितले नाहीत. अडीच वाजता कुणाला टक्के सांगतात? मी एवढंच म्हटलं, "वजन वाढतंय ना? मग ती हळू पिते, एवढंच. तुझा दादूस अजून जेवायला तास लावतो, त्याला कुणी विचारतं का?" दादूस म्हणजे तिचा नवरा. ताई हसली. पावडरचा डबा अजून फळीवर आहे.

हेच वाक्य तुर्कस्तानातही घरोघर विचारलं जातं, 'दूध पुरतंय का?' होजाम म्हणाल्या, बाळंतिणीला भेटायला येणाऱ्यांचा हा 'कशी आहेस?'च्या आधीचा प्रश्न. तिकडेही बाळंतिणीचे चाळीस दिवस पाळतात. तिला 'लोहुसा' म्हणतात आणि दालचिनी, लवंग घातलेलं लालभडक सरबत करतात, ते पाहुण्यांनाही मिळतं. लाड आपल्यासारखेच आणि धाकही आपल्यासारखाच. हाजेत्तेपे विद्यापीठाच्या २०१८ च्या राष्ट्रीय पाहणीत आढळलं, की तिथल्या ९८ टक्के बाळांना कधी ना कधी आईचं दूध मिळालं होतं. पण सहा महिन्यांखालच्या बाळांमध्ये निव्वळ आईच्या दुधावर असलेली ४१ टक्केच. मधल्या फटीत पाणी आहे, मामा आहे आणि शेजारणींचे सल्ले.

हा धाक आजचा नाही. तुर्कीत 'ग्युर्ब्युझ' असा एक शब्द आहे. याचं मराठी तुम्हीच करा. मी करते, गुटगुटीत. १९२३ मध्ये प्रजासत्ताक झाल्यावर, युद्धांनी पोखरलेल्या देशाला धडधाकट मुलं हवी होती. बालसंरक्षण संस्थेने १९२६ मध्ये 'ग्युर्ब्युझ तुर्की बालक' नावाचं मासिकच सुरू केलं आणि गुटगुटीत बाळांच्या स्पर्धाही भरू लागल्या. आपल्या सुदृढ बालक स्पर्धा आठवल्या ना? माझा काजळ माखलेला, दोन वर्षांचा फोटो आईने अजून जपून ठेवलाय, उत्तेजनार्थ बक्षीस. काळ वाईट होता, बाळं दगावत होती, तेव्हा वजन म्हणजे जीव हा हिशेब बरोबरच होता. पण आता जे संशोधन चाललंय त्याची चिंता उलटी आहे. ज्या बाळाला दूध बघताच हवंच असतं, ते पुढे वेगाने वजन घेतं का, लठ्ठपणाची बीजं इतक्या लवकर दिसतात का, हे या प्रश्नावलीतून शोधायचं असतं. म्हणजे बघा, कागद भरणारी आई मनात धरून बसलीय की जास्त भूक म्हणजे शाबासकी. कागद बनवणारा धरून बसलाय की जास्त भूक म्हणजे सावध राहा. दोघांच्या मध्ये फक्त एक खूण.

म्हणून मग ती लांबलचक पद्धत. आधी मूळ लेखकांची परवानगी. दोन जणांनी एकमेकांना न विचारता तुर्कीत भाषांतर करायचं, दोन्हींचं मिळून एक करायचं. मग ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेलंच नाही अशा माणसाने ते परत इंग्रजीत न्यायचं. मग तज्ज्ञांची समिती, मग थोड्या आयांवर चाचणी, मग शेकडो आया, मग आकडेमोड. एकाच गटातली विधानं एकमेकांना धरून आहेत का हे सांगणारा 'क्रॉनबाख आल्फा' नावाचा एक आकडा असतो. तो साधारण ०.७०च्या वर गेला की संशोधक सुटकेचा श्वास सोडतात. हा भाग मी तुमच्यासाठी आवरता घेतला, मला मात्र सगळा वाचावा लागला.

मला यातली चाचणी आवडली. कारण परतीचं इंग्रजी अगदी मूळबरहुकूम येऊ शकतं आणि तरी आईला भलतंच ऐकू येऊ शकतं. 'एमझिर्मेक'वालं वाक्य इंग्रजीत परत नेलं तर पुन्हा 'फीड'च होणार ना! पकडणार कोण? तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात लसीसाठी बसलेली आईच. तिला वाक्य वाचायला द्यायचं आणि विचारायचं, तुम्हाला यातून काय समजलं?

याच टप्प्यावर 'म्हणे' निघाला. तुर्कीत भूतकाळ दोन आहेत. स्वतः पाहिलं तर 'एम्दी', बाळ प्यायलं. कुणाकडून कळलं किंवा नंतर अंदाज आला तर 'एम्मिश', बाळ प्यायलं म्हणे! आपण जो शब्द शेपटीसारखा लावतो, तो त्यांच्या क्रियापदातच बसलेला आहे. आता प्रश्न असा, की नोकरी करणाऱ्या आईने उत्तर कुठल्या भूतकाळात द्यायचं? २००३ च्या तिथल्या कामगार कायद्यात एक वर्षाखालचं बाळ असलेल्या आईला दिवसाला दीड तासाची 'स्युत इझ्नी' दिली, म्हणजे चक्क दुधाची रजा. ती कधी घ्यायची, किती तुकड्यांत घ्यायची, हे तिने ठरवायचं. आपल्या एचआरला कुणीतरी हे सांगा. पण दीड तास सोडला तर बाकीचा दिवस बाळ कुणाकडे? आईकडची आजी 'आन्नेआन्ने', वडिलांकडची 'बाबाआन्ने'. आणि बाबाआन्ने संध्याकाळी काय सांगते? 'नीट प्यायलं नाही.' आईला त्यातलं किती खरं मानायचं, तिचं तिलाच माहीत. छापील फॉर्मवर मात्र सगळं 'एम्दी', डोळ्यांनी पाहिल्यासारखं.

इंग्रजी मूळही याला अपवाद नाही. जेमिनायमधल्या आईबापांनी फॉर्म भरले तेव्हा मुलं सरासरी आठ महिन्यांची झाली होती आणि त्यांना पहिले तीन महिने आठवायचे होते. जुळ्यांचे पहिले तीन महिने! ते कुणाला आठवतात? पण इंग्रजीत 'म्हणे' नसल्यामुळे कुणाला ते खटकलं नसावं, असा माझा आपला तर्क.

फॉर्म आता बराच पुढे गेलाय. विधानं बाळाच्या बाजूने आहेत, डोळे भुकेलेही नाहीत आणि भरलेलेही नाहीत. आकडेमोड सुरू आहे, त्यात माझं काही काम नाही. पण होजामनी मध्येच नवीन पान उघडलंय. तुर्की बोलणाऱ्या आया काही फक्त तुर्कस्तानात नाहीत. सायप्रसच्या उत्तर भागात आहेत, बल्गेरियात आहेत, आणि १९६१ च्या कामगार करारानंतर पश्चिम जर्मनीत गेलेल्यांच्या तर नाती आता आया झाल्यात. उलट तुर्कस्तानातल्या कित्येक आयांची घरातली भाषा कुर्दी किंवा अरबी. त्यांना तुर्की फॉर्म दिला तर ते पुन्हा परक्याच भाषेतलं उत्तर. तो वेगळा फॉर्म, वेगळी माणसं, वेगळा निधी.

सध्या गाडी बर्लिनवर अडली आहे. बाळाच्या दुधाच्या बाटलीला तुर्कीत 'बिबेरोन' म्हणतात, तो फ्रेंचमधून आलेला. बर्लिनच्या आयांच्या तोंडी जर्मन 'फ्लाशे' बसलाय. कंसात दोन्ही द्यावेत का, हा प्रश्न समितीपुढे आहे. तोवर मी माझं बिल पाठवून दिलंय. पाच दिवस झाले. होजाम म्हणतात, अकाउंट्सकडे गेलंय म्हणे.